अर्धा पासवर्ड

घोरपडे मॅडम आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात जेवणाचा डबा होता, दुसऱ्या हातात छत्री होती आणि डोक्यात अर्धा पासवर्ड होता. उरलेला अर्धा माझ्या डोक्यात होता.

"मगदूमांना एक सांगायचं होतं," त्या दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाल्या.

"मगदूमांना मागाहून सांगा म्हणावं," मी त्यांच्या छत्रीला म्हणालो. "जतच्या शाखेचा फोन येऊन गेलाय. आधी काम चालू होऊ दे."

आमचं बोलणं हे असं चालायचं. बँकेत निदान मध्ये शिपाई तरी असायचा. मी समोर उभा असलो तरी त्या त्याला म्हणत, "मगदूम साहेबांना सांग, व्हाउचरवर सही राहिली." आणि मी म्हणे, "मॅडमना सांग, करतो." शिपाई बिचारा टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान हलवायचा. इथे शिपाई नव्हता, म्हणून चौकट आणि छत्री.

मॅडम आणखी काही बोलणार, एवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"कोण आलंय रे शीतल? बाईमाणूस हाय का? मग उभारलाय का? बसा की!"

मॅडम क्षणभर तशाच थांबल्या. मग त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि बसल्या. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

शीतल हे माझंच नाव. आमच्या मिरज-सांगलीकडच्या जैनांत ते पुरुषांचंही असतं, पण पुण्याकडून मला 'श्रीमती मगदूम' म्हणून पत्रं येतात. मी तेव्हा लोकसंचय नागरी सहकारी बँकेच्या मिरजेतल्या मुख्य कचेरीत अधिकारी होतो. सगळ्या शाखांचे रोजचे आकडे एकत्र जुळवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यासाठी घेतलेली नवी संगणक प्रणाली माझ्याशिवाय कुणाला उमगलेली नव्हती. लग्न जमलेलं नव्हतं आणि आता ते जमेल असं आईखेरीज कुणालाही वाटत नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

त्या वर्षी ऐन माघात आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसली. डॉक्टर म्हणाले, "आता यांना चालवा. चालल्या तर चालल्या, नाहीतर कायमच्या पलंगावर." आई म्हणाली, "मी नाही चालणार." दुखायचं तर होतंच, पण त्यापेक्षा तिला पुन्हा पडायची भीती बसली होती आणि भीती आहे असं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या वॉकरवर ती लुगडं वाळत घालायची. सांभाळायला ठेवलेल्या बायका टिकायच्या नाहीत. एकीला लसणाचा वास येतो म्हणून घालवली, दुसरी फार बोलते म्हणून, तिसरी अजिबात बोलत नाही म्हणून.

माझी पुण्याची बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तुझ्याच्यानं होणार नाही. इथं एक चांगलं शुश्रूषा केंद्र आहे. गुढीपाडव्यापर्यंत ती चालायला लागली तर ठीक, नाहीतर मी गाडी घेऊन येते आणि तिला तिथं ठेवते."

तिचं चूक नव्हतं. पण त्या रात्री आई छताकडे बघत म्हणाली, "तिथनं मी परत येणार नाही शीतल. तुलाबी ठाऊक आहे, मलाबी ठाऊक आहे."

मी रजेचा अर्ज घेऊन जनरल मॅनेजर शिराळकर साहेबांकडे गेलो. मार्च महिन्यात रजा मागणं म्हणजे दिवाळीत हलवायानं दुकान बंद ठेवणं. साहेब गृहस्थ मोठे उत्साही. त्यांचा पुतण्या बंगळुरात संगणकात होता आणि त्यानं सांगितलेलं सगळं ते आठवड्याच्या आत बँकेत आणायचे.

"रजा नाही," ते म्हणाले. "पण मगदूम, तुम्ही घरून काम करायचं! आपण इंटरनेटमधून एक भुयार काढू. एक तोंड तुमच्या घरात, एक तोंड बँकेत. तुम्ही घरच्या कळा दाबायच्या, बँकेतला संगणक हलणार. मधे कुणाला दिसणार नाही, कुणाला शिरता येणार नाही. हल्ली सगळीकडे करतात."

भुयाराची गोष्ट संचालक मंडळापुढे गेली. मंडळातले एक ज्येष्ठ संचालक पूर्वी पन्हाळ्याच्या बाजूला राहिलेले, त्यांनी भुयार म्हणताच विचारलं, "तोंडाशी पहारा कोण देणार?" या प्रश्नापुढे पुतण्याचं काही चाललं नाही. ठराव झाला. बँकेकडच्या तोंडाशी, म्हणजे भिंतीवरच्या इंटरनेटच्या लुकलुकणाऱ्या डबीखाली, वॉचमन काठी घेऊन बसेल. आणि घराकडच्या तोंडाला तिजोरीचाच नियम लागू राहील.

तिजोरीचा नियम असा, की कुठल्याही बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या, दोघं एकदम हजर, आणि उघडताना तिसरा एक साक्षीला. याला संयुक्त ताबा म्हणतात. आमच्या तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे होती आणि दुसरी घोरपडे मॅडमकडे. तीन वर्षांपूर्वी मी निपाणीला एका लग्नाला गेलो तो किल्ली खिशात घेऊनच. दुपारपर्यंत अख्खी बँक, खातेदारांसकट, बाहेर उन्हात उभी होती. मॅडमनी वर लेखी कळवलं. त्या दिवसापासून आमचा अबोला.

तेव्हा पासवर्ड कुणामध्ये वाटायचा याबद्दल कुणालाच शंका आली नाही. साहेबांच्या केबिनमध्ये पासवर्ड ठरवायचा समारंभ झाला. साहेब खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी माझा अर्धा टाकला, मग भिंतीकडे वळलो, मॅडमनी त्यांचा अर्धा टाकला. संगणकानं खात्रीसाठी पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. "झालं?" साहेबांनी काचेलाच विचारलं. "झालं," मॅडम म्हणाल्या. आणि मी घरून काम करावं म्हणून मॅडमनी रोज माझ्या घरी यावं, असं ठरलं. भुयार दहा मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद व्हायचं, आणि मिरजेची टेलिफोन लाइन कुणी हात न लावताच बंद व्हायची, त्यामुळे एकदा पासवर्ड टाकून जाता येणार नव्हतं. दिवसभर थांबायचं. मॅडम पावसाळ्यात निवृत्त होणार होत्या, मिस्टर गेलेले, मुलगा मस्कतला.

तर त्या पहिल्या दिवशी मी लॅपटॉपवर माझा अर्धा टाकला आणि खुर्ची सोडली.

"तोंड फिरवा, मगदूम," मॅडम म्हणाल्या.

तीन वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी माझ्याच घरात माझ्याच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर बाबांचा फोटो होता. काचेवर धूळ इतकी, की बाबा धुक्यातून बघत होते.

"साक्षीदार कोण?" मॅडमनी विचारलं.

"इथं कुठला साक्षीदार?"

"संयुक्त ताब्याला साक्षीदार लागतो. घरात कोण आहे?"

"माझी आई आहे. पण ती पलंगावरून उठत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे!"

"मग मी बसते. त्या उठल्या की टाकते."

संताप संताप झाला माझा. भिंतीकडे तोंड करून रागावणं फार कठीण असतं, तरी मी जमेल तेवढा रागावलो. पण आतून आईचा आवाज आला.

"कशाला पायजे साक्षीदार?"

"तुमचा मुलगा मागं वळून बघतो का, ते बघायला," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या.

"बघणारच तो," आई म्हणाली. "ल्हानपणापासून चोंबडा आहे."

मग लुगडं ओढल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला. मग बराच वेळ काही नाही. मग फरशीवर टक् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मध्ये आईचा श्वास ऐकू येत होता. मी वळणार—

"वळू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

ऑपरेशननंतर माझी आई पहिल्यांदा चालली ती मी बघितली नाही. ऐकली. बाबांच्या फोटोकडे बघत मी उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात वर केला असता तरी तो नियमभंग ठरला असता की काय, कोण जाणे.

"हं, आले," आई धापा टाकत म्हणाली. "टाका आता काय टाकायचं ते."

मग एक कळ वाजली.

"झालं," आई म्हणाली. "बघितलं मी."

आणि भुयार उघडलं.

त्या दिवशी लाइन चारदा की पाचदा गेली. दर खेपेला मी माझा अर्धा टाकून भिंतीकडे, मॅडम खुर्चीवर, आणि आई टक् टक् करत साक्षीला. संध्याकाळी ती दमून झोपली, पण झोपताना म्हणाली, "उद्या कितीला येणार आहेत त्या? मला उठवून ठेव."

पुढचे दिवस मी जे पाहिलं ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मी घरून काम करत होतो आणि माझं घर बँकेसारखं चाललं होतं. आई न्हाऊन, वेणी घालून, नेहमीच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत रुजू व्हायची. मॅडम डबा उघडायच्या. पहिल्या दिवशी त्यात लसणाची चटणी निघाली, तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला आणि मॅडम डबा घेऊन व्हरांड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी डब्यात कांदा-लसूण नव्हता. तिसऱ्या दिवशी डबाच नव्हता, कारण आईनं पलंगावर बसून शेवयांची खीर कशी करायची ते मॅडमना सांगितलं होतं आणि मॅडमनी ती करपवली होती, तेव्हा चौथ्या दिवशी आई ते दाखवायला वॉकर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली.

आम्ही जैन लोक सूर्यास्ताच्या आत जेवतो. शाखांचे आकडे मात्र दिवेलागणीनंतर जुळायचे. आईनं मला दम भरला, "शाखांना सांग, लौकर जुळवा म्हणावं. माझी माणसं उपाशी राहायची नाहीत." माझी माणसं! या बाईचं नाव पंधरा दिवसांपूर्वी घरात निघालं की आई म्हणायची, "ती किल्लीवाली."

लाइन गेली की आईला आनंद व्हायचा. "गेली! लाइन गेली!" ती ओरडायची आणि वॉकर ओढायची. टेलिफोन खात्यावर इतकं प्रेम करणारा दुसरा ग्राहक मिरजेत नसेल. आणि लाइनही सज्जनासारखी वागायची. आई जेवून सुस्तावली की जायची. तिचं दुखत असलं, चेहरा उतरला असला, की अजिबात जायची नाही. या सज्जनपणाचा मला संशय आला, तेव्हा मी एकदा पेन पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकलो. मॅडमच्या पायाचा अंगठा टेलिफोनच्या तारेत अडकलेला होता.

"मगदूम, काय शोधताय?"

"पेन."

"सापडलं?"

"सापडलं," मी म्हणालो आणि वर आलो.

त्यांनी मला एवढा त्रास का द्यावा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. आई चालत होती. तेवढं कळायला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही. मी गप्प राहिलो. पण खरी गोष्ट मला अजून कळायची होती.

पाडवा जवळ आला होता. एके दिवशी रिक्षांचा संप झाला आणि मॅडम वेळेवर आल्या नाहीत. इचलकरंजी शाखेचा मॅनेजर फोनवर रडकुंडीला आला. मी म्हटलं, निदान आपला अर्धा टाकून तयार राहू. टाकला. सवयीनं बोट एंटरच्या कळेवर पडलं.

भुयार उघडलं.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. सगळ्या शाखा समोर उभ्या. माझा अर्धा हाच पूर्ण होता. स्वतःच्या घरात मला चोर शिरल्यासारखं वाटलं, तो चोर मीच होतो. मी घाईघाईनं सगळं बंद केलं आणि घाम पुसला.

मॅडम चालत आल्या, धापा टाकत. "तोंड फिरवा." मी माझा अर्धा टाकून भिंतीकडे वळलो. एव्हाना आईला ऊठबस करता येत होती, तेव्हा तिनं आदल्याच दिवशी बाबांचा फोटो ओल्या फडक्यानं लख्ख पुसला होता. त्या काचेत मागची खोली अगदी स्पष्ट दिसत होती. मॅडमनी दोन्ही हात पुढे केले. त्यांची बोटं लॅपटॉपच्या कळांवर नव्हती. ती टेबलाच्या कडेवर, पेटी वाजवल्यासारखी, निवांत नाचत होती. मग त्यांनी एक कळ दाबली. एकच. आणि शेजारी माझी आई, साक्षीदार, टेबलावरच्या त्या रिकाम्या बोटांकडे डोळे लावून उभी होती.

"झालं," आई गंभीरपणे म्हणाली. "बघितलं मी."

म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

मला आधी राग आला. ज्या अर्ध्या पासवर्डासाठी मी शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहत होतो, तो नव्हताच. आणि हे घरातल्या दोन्ही बायकांना ठाऊक होतं. मी वळून बोलणार होतो. शब्द तोंडात आले होते. एवढ्यात आई म्हणाली, "अगंबाई, आज वॉकर तिकडंच राहिला बघा."

ती भिंतीला एक हात लावून आली होती. मी तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात शिराळकर साहेबांचा फोन आला. भुयाराची कीर्ती मंडळात पसरली होती आणि आता तसली भुयारं सगळ्या शाखांच्या मॅनेजरांच्या घरी काढायची होती. त्यासाठी पुण्याहून संगणक-सुरक्षेतल्या एक तज्ज्ञ बाई येऊन आमची पद्धत तपासणार होत्या. "त्या पास म्हणाल्या तर छानच," साहेब म्हणाले. "नापास म्हणाल्या तर त्याच दिवशी भुयार बुजवायचं. रिझर्व्ह बँकेपर्यंत गेलं तर माझी धडगत नाही."

मी आईला सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं खिरीला हात लावला नाही. भुयार बुजलं तर मी बँकेत, मॅडम बँकेत, ती पलंगावर, आणि पाडवा उंबऱ्यावर. ती अजून चार पावलं भिंत धरून चालत होती इतकंच. दिवसभर एकटी राहणं वेगळं.

तज्ज्ञ बाईंचं नाव निलोफर तांबोळी. अगदी तरुण, पाठीवर सॅक. "शीतल मॅडम कुठायत?" त्यांनी मलाच विचारलं. साहेब नवं जाकीट घालून आले होते. दोघांना बसवून आम्ही प्रात्यक्षिक सुरू केलं. मी माझा अर्धा टाकून उठलो.

"तोंड फिरवा, मगदूम."

साहेबांनी पद्धत स्वतः शोधलेली, तेव्हा मान राखायला तेही उठले आणि माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. निलोफर बाई मात्र खुर्ची ओढून मॅडमच्या मागे बसू लागल्या.

"तुम्हीपण फिरा," आई म्हणाली.

"मी तपासायला आले, आजी."

"मी साक्षीदार आहे. तुमच्या भुयारात कोणबी पायजेल तसं बघू शकत असलं, तर ते भुयार कसलं? फिरा की."

निलोफर बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांची पाठ अभिमानानं ताठ होती. त्याही उठल्या आणि भिंतीकडे वळल्या. आम्ही तिघं बाबांच्या फोटोसमोर रांगेत, प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. मी हळूच अर्धं पाऊल सरकून काचेसमोर उभा राहिलो.

एक कळ वाजली.

"झालं. बघितलं मी."

निलोफर बाई वळल्या. "सर, तुमच्या कळांचा आवाज आला. मॅडमच्या अर्ध्याचा आवाजच आला नाही."

"जुन्या टायपिस्ट आहेत," मी म्हणालो. "हात फार हलका."

"फारच हलका," त्या म्हणाल्या. "आपण एकदा परत करू. या वेळी मी फक्त मॅडमची बोटं बघते. पासवर्ड नाही बघत."

आता संपलं, असं मला वाटलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. पण टेबलाखाली त्यांचा अंगठा शुद्धीवर होता. स्क्रीनवर भुयार तुटल्याचा संदेश आला.

"गेली! लाइन गेली!" आई सवयीनं ओरडली. आणि मग, आता काहीतरी केलंच पाहिजे असं तिला वाटलं असावं, ती ताडकन उठली. "लाइन येईस्तोवर सरबत घ्या. बसा, बसा. मी आणते."

वॉकर आतल्या खोलीत होता. भिंत लांब होती. आई स्वयंपाकघरात गेली. ग्लास वाजले, चमचा वाजला. आणि ती परत आली, दोन्ही हातांत सरबताचे ग्लास भरलेलं ताट घेऊन, खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता. एक थेंब सांडला नाही. मी आणि मॅडम एकमेकांकडे बघत होतो. तीन वर्षांत आम्ही पहिल्यांदा असे डोळ्याला डोळा देऊन बघत होतो, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"अरे!" शिराळकर साहेब ग्लास उचलत ओरडले. "मगदूम! आई तर ठणठणीत चालतायत की! तुमच्या अर्जात तर लिहिलंय, अंथरुणाला खिळल्यात म्हणून!"

ताट आईच्या हातात तसंच होतं.

"मग आता कशाला हवं भुयार?" साहेब आनंदानं म्हणाले. "सोमवारपासून या दोघंही बँकेत. वॉचमनसुद्धा कंटाळलाय त्या डबीकडे बघून."

भुयार वाचवायला उठलेल्या आईनंच ते बुजवलं होतं.

निघताना निलोफर बाई दारात थांबल्या. खोलीतल्या टेबलाखालून गेलेली तार त्यांनी निरखून बघितली होती. "सर, अर्धा पासवर्ड मी पहिल्यांदाच ऐकला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि जो नाहीच असा अर्धा तर त्याहून पहिल्यांदा. रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"यंत्रणा यशस्वी," मी म्हणालो. "काम पूर्ण झाल्यामुळे बंद."

त्या हसल्या आणि तसंच त्यांनी लिहिलं.

त्या दिवशी मॅडमनी छत्री घेतली, चपला घातल्या आणि गेल्या. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आईनं तो उभं राहून उचलला. "मी चालत येऊन फोन घेतलाय," ती म्हणाली. "पाडव्याला ये, पण जेवायला ये. गाडीत मला घालायला नको." आम्ही जिंकलो होतो. तरी रात्रभर घर कसं सुतकात असल्यासारखं होतं.

सोमवारी मी बँकेत गेलो. मॅडमची खुर्ची रिकामी. शिपाई सवयीनं माझ्याकडे आणि रिकाम्या खुर्चीकडे आळीपाळीनं बघत होता. "रजा टाकलीय," तो म्हणाला. सगळा दिवस माझं चित्त आकड्यांत नव्हतं. दुपार कलताच डोकं दुखण्याचं निमित्त सांगून मी सायकल काढली.

दाराशी छत्री होती. आत ऊन अजून भिंतीवर होतं आणि दोघी जेवायला बसल्या होत्या. लॅपटॉप बँकेनं परत नेला होता. त्या रिकाम्या टेबलावर तिसरं ताट वाढून ठेवलेलं होतं.

मी हात धुऊन बसलो. मग मला राहवेना.

"मॅडम, तुमचा अर्धा काय होता?"

आई खाली बघून भाकरी मोडत राहिली. मॅडमनी घास खाली ठेवला.

"काही नव्हता," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या केबिनमध्येच मी काही टाकलं नाही. निपाणीच्या दिवशी एका किल्लीसाठी सगळी बँक उन्हात उभारली होती, मीपण त्यात होते. म्हटलं, उद्या मी आजारी पडले तर याची आई अडायची. एका किल्लीपायी कुणी अडू नये. तुमचं तुम्ही उघडा, मी काही यायची नाही, हेच सांगायला मी पहिल्या दिवशी आले होते."

मी त्यांना तीन वर्षं शत्रू समजत होतो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, मागाहून." त्या किंचित हसल्या. मग आईकडे बघून म्हणाल्या, "आणि तेवढ्यात ह्या आतनं म्हणाल्या, उभारलाय का, बसा की. मिस्टर गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं, मगदूम. आपल्याच घरात आपल्याला कोण बसा म्हणणार?"

"पुरे," आई म्हणाली. "खीर घ्या. ऊन चाललंय."

आई नंतर पुष्कळ वर्षं चालली. पहाटे बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन यायची, भाजी आणायची. शेवटपर्यंत तिनं वॉकर माळ्यावरून खाली काढू दिला नाही. ती गेली त्यालाही आता काळ लोटला, मीही बँकेतून सुटलो. हल्ली सगळं जग घरून काम करतं, भुयारं घरोघरी झाली, कुठल्याच तोंडाशी पहारा नाही. लोक मला विचारतात, तुमच्या वेळी हे सुरक्षित होतं का हो? मी म्हणतो, फार.

रोज सकाळी दाराबाहेर छत्री टेकल्याचा आवाज होतो. मॅडम आता थकल्यात, उंबऱ्याशी थांबून श्वास घेतात, चौकटीला धरतात.

"मगदूम, एक सांगायचं होतं," त्या म्हणतात.

"उभारलाय का?" मी आतून म्हणतो. "बसा की."